१००५ नंबरची खोली

पहिला दिवस, २९ जून

हानेडाला विमान टेकलं तेव्हा सकाळचे सात वाजत आले होते आणि पाऊस पडत होता. आपल्याकडचा जूनअखेरचा धोधो नव्हे, चाळणीतून पीठ पडावं तसा. लेक घ्यायला आली होती. तिचा पहिला प्रश्न, "आई, पावसापाण्याचं कोण येतं गं टोकियोला? चेरी फुलतात तेव्हा यायचं ना." मी म्हटलं, तिकिटं स्वस्त मिळाली. ते खोटं नव्हतं. पण मला २९ जूनलाच उतरायचं होतं, हे मी यांनाही सांगितलं नव्हतं. १९६६ साली याच तारखेला, पहाटे तीन वाजून एकोणचाळीस मिनिटांनी, याच विमानतळावर बीटल्स, इंग्लंडचे ते चार गाणारे-वाजवणारे, उतरले होते.

हे वेड मूळचं दादाचं. तो फोर्टातल्या एका बँकेत लागला आणि पहिल्या पगारात काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून एक एलपी घेऊन डोंबिवलीला आला. रेकॉर्ड प्लेअर नव्हताच. तो तीन महिन्यांनी आला. तोवर आम्ही नुसतं कव्हर बघायचो. आमची आई त्या चौघांना 'तुझे ते केसाळ' म्हणायची. दादा आता ठाण्याला असतो, गुडघ्यांमुळे फिरत नाही, पण व्हॉट्सअॅपवरून सूचना मात्र अखंड सुरू असतात. विमान धावपट्टीवर असतानाच त्याचा मेसेज : "बुदोकानच्या कळसाचा फोटो विसरू नकोस." बुदोकान म्हणजे बीटल्स टोकियोत जिथे गायले ते सभागृह.

त्या चौघांचा प्रवास आमच्यापेक्षा वाईट झाला होता. हॅम्बुर्गचे कार्यक्रम उरकून लंडनमार्गे निघाले, तर जपानवर वादळ आलेलं. विमान अलास्कातल्या अँकरेजला उतरवावं लागलं आणि तिथे कित्येक तास एका हॉटेलात बसून राहावं लागलं. टोकियोत पोचले तेव्हा काळोख होता. विमान कंपनीच्या हवाई सुंदरीने त्यांच्या अंगावर हाप्पी चढवले होते. हाप्पी म्हणजे जत्रेत, उत्सवात घालतात तो आखूड, सैल कोट. जिना उतरतानाचा तो फोटो जगभर छापला गेला आणि कंपनीची फुकटात जाहिरात झाली. स्वागताला चाहते मात्र जवळपास कोणी नाहीत. पोलिसांनी त्यांना विमानतळाच्या आसपासही फिरकू दिलं नव्हतं. गाड्यांचा ताफा रिकाम्या रस्त्यांवरून थेट हॉटेलात.

आम्ही मोनोरेलने निघालो. ही मोनोरेल १९६४ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली, म्हणजे बीटल्स आले तेव्हा दोन वर्षं जुनी. हे मध्य रेल्वेत गार्ड होते. पहिल्या डब्यात अगदी पुढच्या काचेला नाक लावून उभे राहिले ते शेवटच्या स्टेशनापर्यंत. नातू बरोबर असता तरी इतका हटून बसला नसता.

लेक निशी-कासाईला राहते. टोकियोतल्या भारतीयांची ही वस्ती. याच एदोगावा वॉर्डातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले, तिथे त्यांना सगळे 'योगी' म्हणतात. दुपारी वरणभात, लिंबाचं लोणचं, आणि झोप. पहिल्या दिवसाबद्दल एवढंच.

दुसरा दिवस, ३० जून

"आज कुठे?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "एका हॉटेलात." "राहायला?" "बघायला." "आतून?" "नाही, ते हॉटेल आता पाडलंय." यावर यांनी माझ्याकडे पाहिलं आणि छत्री उचलली. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं झालेलं असतं.

तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून चियोदा लाइन बदलून कोक्काई-गिजिदोमाए. स्टेशनचं नाव उच्चारायला मला दोन दिवस लागले. त्याचा अर्थ साधा आहे, 'संसदेसमोर'. इथे टोकियो हिल्टन होतं. त्याच्या दहाव्या मजल्यावरच्या १००५ नंबरच्या प्रेसिडेन्शियल स्वीटमध्ये ते चौघे राहिले. पुढे हॉटेलचं नाव बदललं, २००६ साली ते बंद होऊन जमीनदोस्त झालं आणि २०१० मध्ये त्याच जागी नवा कॅपिटॉल हॉटेल तोक्यू उभा राहिला. त्याची रचना केन्गो कुमा यांची. लाकडी पट्ट्यांची नक्षी, पाण्याचा नितळ हौद, आणि लॉबीत इतकी शांतता की माझ्या ओल्या चपलेची चपचप मलाच लाजवत होती. कॉफीचा दर वाचून हे म्हणाले, "आपण बाहेरूनच बघू."

१९६६ च्या २९ जूनला दुपारी याच जागी पत्रकार परिषद झाली. तेव्हा टोकियोत खरा वाद होता तो बुदोकानचा. ज्युदोसाठी बांधलेल्या पवित्र वास्तूत हे झिपरे कसे नाचणार, म्हणून उजव्या गटांचे भोंगे लावलेले ट्रक शहरभर फिरत होते, 'बीटल्स परत जा' असे फलक होते. पत्रकारांनी तेच विचारलं. चौघांतल्या पॉल मॅकार्टनीचं उत्तर अशा अर्थाचं होतं की, जपानी नर्तकांचा ताफा इंग्लंडला आला तर आमची परंपरा बाटली असं तिथे कोणी म्हणत नाही. लगेच शेजारून पुस्ती आली की कुस्ती बघण्यापेक्षा गाणं बरं. कोणीतरी विचारलं, मान मिळाला, पैसा मिळाला, आता काय हवं? उत्तर आलं, शांतता. ते जगाबद्दल बोलत होते. पण पुढचे पाच दिवस बघता ते स्वतःबद्दलही बोलले असते तरी चाललं असतं.

कारण या खोलीतून त्यांना सोडलंच नाही. मजल्यावर पोलीस, लिफ्टपाशी पोलीस, बागेत पोलीस. पाच दिवसांत मिळून ३५,००० पोलीस कामाला लावले असा आकडा सांगतात. नेण्या-आणण्याचं वेळापत्रक मिनिटावर ठरलेलं. ऐकून यांचे डोळे चमकले. "म्हणजे गाडी सोडायची तशी." हो, तशीच. ठरल्या मिनिटाला दार उघडायचं, ठरल्या मिनिटाला लिफ्ट, ठरल्या मिनिटाला मोटार. बाहेर जाता येत नाही म्हणून टोकियोच खोलीत आणलं गेलं. व्यापारी पेट्या भरभरून किमोनो आणि नेत्सुके, म्हणजे कमरपट्ट्याला पिशवी अडकवायच्या कोरीव नक्षीच्या गुंड्या, घेऊन आले आणि गालिच्यावर दुकानं मांडली. आपल्याकडे बोहारीण ओट्यावर बसायची तसंच, फक्त बोहारणीच्या मालात प्राचीन वस्तू नसायच्या.

आणि याच खोलीत ते चित्र झालं. कोणीतरी रंग आणि जपानी हातकागदाचा मोठा ताव आणून दिला. टेबलावर कागद, मधोमध दिवा ठेवलेला, चार कोपऱ्यांना चौघे बसलेले. कार्यक्रमाला जायची वेळ झाली की ब्रश ठेवायचे, परत आल्यावर पुन्हा उचलायचे. त्यांच्याबरोबर आलेला छायाचित्रकार रॉबर्ट व्हिटेकर याने हे सगळं टिपून ठेवलंय. चित्र पुरं झाल्यावर दिवा उचलला, तर खाली पांढरं वर्तुळ उरलेलं. त्यात चौघांनी सह्या केल्या. त्यांच्या जपानी चाहता मंडळाच्या अध्यक्षाला ते भेट मिळालं आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे १७ लाख डॉलरला गेलं. चित्र म्हणून मला विचाराल तर ठीक आहे. आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या बाईंनी दहापैकी सहा दिले असते. पण चौघांनी एकत्र बसून काढलेलं असं दुसरं मोठं चित्र माझ्या तरी ऐकिवात नाही, आणि ते निघालं कशातून, तर बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं त्यातून.

हॉटेलच्या अगदी मागे टेकाडावर हिए देऊळ आहे. लाल तोरणांच्या कमानींचा एक लांबच लांब बोगदा करून पायऱ्या वर जातात. दुसऱ्या बाजूने चक्क सरकता जिना. देवाचे दूत इथे माकडं आहेत. हनुमान दिसल्यासारखे यांनी हात जोडले. खोलीच्या खिडकीतून हे देऊळ त्या चौघांना दिसत असणार. पाच मिनिटांची चाल. कमानींखाली उभं राहून मी वर हॉटेलच्या काचा बघत होते, आणि लेक म्हणाली, "आई, पाऊस वाढतोय."

तिसरा दिवस, १ जुलै

बुदोकानसाठी गाडी बदलावी लागत नाही. निशी-कासाईहून तोझाई लाइन थेट कुदानशिताला जाते. चाळीस वर्षांपूर्वी दादाने कॉपीच्या मागच्या पानावर बुदोकानचा नकाशा अंदाजाने काढून दाखवला होता. त्यात समुद्र होता. समुद्र नाही. किल्ल्याचा खंदक आहे, त्यात कमळाची पानं दाटलेली, आणि चढाच्या टोकाला तायासू दरवाजा. हा जुन्या एदो किल्ल्याचा दरवाजा १६३६ सालचा. काळ्या लाकडाची दारं, लोखंडी पट्ट्या, एकावर एक घट्ट बसवलेले दगड. आत वळलं की झाडांच्या वरून ते छप्पर दिसतं.

अष्टकोनी आहे. नाराच्या होर्यूजी मठातल्या 'स्वप्नांच्या दालना'वरून मामोरू यामादा या वास्तुविशारदाने हा आकार घेतला. छपराच्या कडा फुजी पर्वताच्या उतारासारख्या खाली येतात आणि माथ्यावर सोनेरी कळस. जपानी लोक त्याला प्रेमाने 'कांदा' म्हणतात. दादाला फोटो पाठवला, खाली लिहिलं, "हा घे कांदा." उत्तर आलं, "जरा डावीकडून काढ."

वास्तू ऑक्टोबर १९६४ ची, ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आलं त्यासाठीची. आणि गंमत म्हणजे परंपरेला इथे पहिला धक्का गाणाऱ्यांनी दिलाच नव्हता. त्याच महिन्यात खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँडच्या अँटन गेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला चीत केलं होतं. सगळं सभागृह सुन्न झालं. आनंदाने चटईकडे धावत आलेल्या आपल्या देशबांधवांना गेसिंकने हात करून थांबवलं आणि आधी प्रतिस्पर्ध्याला नमस्कार केला. जपानी लोक ते अजून विसरलेले नाहीत. बीटल्सनी तर कोणाला पाडलंही नाही.

आत जाता आलं नाही. संध्याकाळी कुठल्या तरी तरुण गटाचा कार्यक्रम होता आणि ट्रकांतून पेट्या उतरत होत्या. तिकिटं काढलेल्या मुली सकाळपासूनच रांगेत, टॉवेल, पंखे, हातात धरायचे रंगीत दिवे विकत घ्यायला. रांग इतकी सरळ की यांनी पट्टी लावल्यासारखं बघितलं. "दादरला असं उभं करून दाखव," म्हणाले. मग मी ओल्या बाकावर पिशवी अंथरून बसले आणि आतला कार्यक्रम मनात लावला. तो मी यूट्यूबवर इतक्यांदा पाहिलाय की मला आत जायची तशी गरज नव्हती.

३० जूनला एक खेळ, १ आणि २ जुलैला दोन-दोन, एकूण पाच. तिकिटं २,१००, १,८०० आणि १,५०० येन. मागणी इतकी की पोस्टकार्डं मागवून सोडत काढली. टूथपेस्टची रिकामी खोकी पाठवूनही काहींनी नशीब आजमावलं. कित्येक शाळांनी मुलांना जायला बंदी केली होती, गेलात तर शाळेतून नाव कमी करू अशी. प्रत्येक खेळाला दहाएक हजार माणसं, पण खाली जमिनीवर एकही खुर्ची नाही. सगळे वर, गॅलऱ्यांत. मंच उंच, मध्ये मोकळं मैदान, आणि गॅलऱ्यांमध्ये प्रेक्षकांच्या बरोबरीने पोलीस बसलेले. उभं राहायचं नाही. जागेवर बसून किंचाळा, रुमाल हलवा, रडा, पण बसून.

आधी जपानी गट गायचे, मग हे चौघे. अकरा गाणी, पुरता अर्धा तास. आमच्याकडे नाट्यसंगीताची एक बैठक याच्या चौपट चालते, आणि त्यात नुसता तंबोरा जुळवायला अर्धा तास जातो. तो तंबोरा मुद्दाम आठवला. १९६६ पर्यंत त्यांच्या कार्यक्रमांत किंकाळ्यांच्या वर काही ऐकू जात नसे. मंचावर स्वतःचा आवाज ऐकायला आजच्यासारखे स्पीकर नव्हते. कसं वाजतंय, सुरात आहे का, कोणाला पत्ताच नाही, आणि तीन वर्षांत त्यांनी ती फिकीर सोडून दिली होती. टोकियोत पहिल्यांदा लोक दोन गाण्यांच्या मध्ये शांत बसले. आणि ऐकू आलं. आपण बेसूर आहोत, हे त्यांना बुदोकानमध्ये कळलं. बरोबर आलेल्या, त्यांची व्यवस्था बघणाऱ्या नील अॅस्पिनॉलने पुढे हे मोकळेपणाने सांगितलंय.

३० जूनच्या चित्रणात ते दिसतं. गडद सूट, पॉलचा मायक्रोफोन सैल, गाता गाता माइक वळतोय आणि पॉल त्याच्या मागे मान वळवतोय. तंतुवाद्यांवर ध्वनिमुद्रित केलेलं 'यस्टरडे' इथे चौघे मिळून विजेच्या गिटारी आणि ड्रमवर वाजवतात आणि ते जरा हडबडल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ जुलैच्या दुपारी, फिकट रंगाचे सूट, आणि वाजवणं कितीतरी नेटकं. तालमीची एक रात्रही मध्ये नव्हती. फक्त ऐकू आलं होतं, एवढाच फरक. त्याच संध्याकाळी हा खेळ निप्पॉन टेलिव्हिजनवर दाखवला आणि निम्म्याहून जास्त घरांतले संच त्यावर लागलेले होते. ज्या मुलांना शाळेने बंदी केली होती ती घरी आईबापांच्या शेजारी बसून बघत असणार.

अजून एक गोष्ट मला नेहमी खटकते. या दौऱ्यावर निघायच्या जेमतेम एक-दोन दिवस आधी त्यांनी 'रिव्हॉल्व्हर' ही नवी एलपी पुरी केली होती. त्यातलं एकही गाणं बुदोकानमध्ये नाही. चार वाद्यांवर ती गाणी उभी राहण्यासारखी नव्हती. म्हणजे टोकियोने जे ऐकलं तो त्यांचा मागचा मुक्काम होता. ते स्वतः पुढे निघून गेले होते.

रांगेतल्या एका मुलीने मला भिजताना पाहून स्वतःची छत्री पुढे केली. लेकीने दुभाष्याचं काम केलं : मी कोणाच्या कार्यक्रमाला आलेय, असं ती विचारत होती. मी सांगितलं. ती वाकून म्हणाली, "उशीर झाला हो तुम्हाला."

चौथा दिवस, २ जुलै

दोघे या पहाऱ्यातून निसटले होते. चौघांतला जॉन लेनन दुसऱ्याचा ओळखपत्राचा बिल्ला लावून ओमोतेसांदोला जाऊन खरेदी करून आला. पॉल आपला मदतनीस माल इव्हान्स याला घेऊन राजवाड्याच्या बाजूला गेला, पण पोलिसांनी गाठून परत आणलं. आम्ही दोन्ही ठिकाणी गेलो. ओमोतेसांदो म्हणजे झेल्कोव्हाच्या झाडांची देखणी दुतर्फा ओळ आणि किमतीची चिठ्ठी नसलेली दुकानं. तिथे आम्हाला काम नव्हतं. राजवाड्यासमोरचं मैदान मोठं, खडीचं. पाऊस. यांना तिथून दिसणाऱ्या टोकियो स्टेशनात जास्त रस.

पॉलला टोकियोने पुढे मनसोक्त कोंडलं. १९८० च्या जानेवारीत नारिता विमानतळावर त्याच्या सामानात गांजा सापडला आणि नऊ दिवस कोठडीत काढावे लागले. बुदोकानच्या मंचावर तो परत चढला थेट २०१५ मध्ये.

चार वाजता जिंबोचोला, जुन्या पुस्तकांच्या गल्लीत, एका किस्सातेनमध्ये शिरलो. किस्सातेन म्हणजे जुन्या वळणाचं कॉफीघर, काळपट लाकूड, पिवळा उजेड. मालक पंच्याहत्तरीचे. मला राहवेना. वयाचं गणित मांडून लेकीला म्हटलं, विचार ना. तिने विचारलं. आजोबांनी कॉफीवर हळूहळू पाण्याची धार धरलेली, ती थांबवली नाही.

"बीटल्स? छे. आम्ही व्हेंचर्सवाले."

अमेरिकेतला हा नुसती गिटार वाजवणारा गट १९६५ मध्ये जपानभर गाजला आणि घरोघरी मुलांनी विजेच्या गिटारी घेतल्या. आजोबांचं म्हणणं, वाजवायचं ते व्हेंचर्सनी. बीटल्स त्यांनी टीव्हीवर पाहिले, केस आवडले, गिटार आवडली नाही. हे इतके खूश झाले की त्यांनी दुसरी कॉफी मागवली. साडेसहाशे येनची.

पाचवा दिवस, ३ जुलै

ते चौघे आज सकाळी गेले. आमचा मुक्काम अजून दोन आठवडे होता. चार दिवस माझ्या मागे निमूट फिरल्याबद्दल यांना बक्षीस म्हणून ओमियाचं रेल्वे म्युझियम ठरलं होतं.

गाडीत मी यांना पुढची हकीगत सांगितली. हाँगकाँगमार्गे मनिला. ४ जुलैला तिथे दोन खेळ, मिळून ऐंशी हजार लोक. पण त्याच सकाळी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांनी मेजवानी ठेवली होती आणि हे गेलेच नाहीत. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या आणि हिरमुसलेली मुलं दाखवली. दुसऱ्या दिवशी सगळा बंदोबस्त गायब. विमानतळावर सरकते जिने बंद करून ठेवलेले, सामान स्वतः ओढायचं, वर धक्के आणि लाथा.

"सरकते जिने बंद केले?" यांना तेवढंच लागलं. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"हे फार झालं."

तिथून सुटले ते दिल्लीला. वाटलं होतं इथे आपल्याला कोण ओळखतंय, तर पालमला गर्दी हजर. चौघांतल्या जॉर्ज हॅरिसनने कॅनॉट प्लेसच्या रिखी राममधून सतार घेतली. लंडनला पोचले ८ जुलैला, आणि २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम करून दौरे कायमचे बंद. म्हणजे बुदोकाननंतर दोन महिनेसुद्धा नाहीत. दादाचं म्हणणं मनिलाने बंद पाडले. मला वाटतं, सुरुवात टोकियोत झाली, जिथे कोणी बोटही लावलं नव्हतं.

म्युझियममध्ये १९६४ ची पहिली शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, ठेवलेली आहे, गोल नाकाची, पांढरी-निळी. आत जाऊन बसता येतं. हे खिडकीशी बसले, निळ्या सीटवरून हात फिरवला, छताकडे पाहिलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "ही चौसष्टची ना? म्हणजे ते आले तेव्हा धावत होती."

"हो."

"आणि त्यांना बसवलं नाही हिच्यात?"

"नाही."

"एकदासुद्धा?"

मी मान हलवली. यांनी खिशातून आपलं स्टेशनं लिहायचं चिटोरं काढलं आणि मला म्हणाले, "इकडे ये, बस. जागा आहे."